बारीक धार

क्राइस्टचर्चच्या आमच्या घरात जमिनीखाली नळ्या आहेत. त्यांतून गरम पाणी फिरतं आणि फरशी पायाला ऊबदार लागते. अंघोळीच्या पाण्याची सोय वेगळी. बाहेरच्या भिंतीवर गॅसची एक पेटी आहे, टाकी नाही. नळ सोडला की पेटी पेटते आणि पाणी वाहतावाहता तापतं. नवऱ्याला दोन्हींचा भारी अभिमान. मे महिन्यात सासूबाई पुण्याहून आल्या, तेव्हा बॅगा उघडायच्या आधीच त्यानं त्यांना सगळं फिरवून दाखवलं.

सासूबाई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. आदल्या वर्षी तिथं पडल्या, तेही आम्हाला शेजारणीनं कळवलं. त्यांनी आता इथंच राहावं असं आम्हाला वाटत होतं. हा मुक्काम नीट पार पडला तर तो विषय काढता येईल, असा माझा अंदाज.

जून लागला, इथला हिवाळा सुरू झाला आणि जेवताना त्या म्हणाल्या, "माझं तिकीट अलीकडचं करून दे. मला इथली थंडी मानवत नाही."

"आई, घरात कुठे थंडी आहे?" नवरा म्हणाला. आमची मुलगी नुसत्या टी-शर्टवर बसली होती.

"तुला नाही वाजत. मला वाजते."

नवऱ्यानं जमिनीचं तापमान वाढवलं. मग आणखी वाढवलं. आम्ही घामाघूम, आणि सासूबाई अंघोळ करून आल्या की स्वेटर, शाल, कानटोपी. नवरा म्हणाला, घरची ओढ लागलीय. मला पटलं नाही. ओढ लागलेल्या माणसाचे दात वाजत नाहीत.

शनिवारी मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. बाथरूमच्या खिडकीतून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता. शॉवर त्यांना आवडत नाही, म्हणून बादली आणि तांब्या मी आणून ठेवले होते. मी पेटीच्या शेजारीच उभी होते. गरम पाणी चालू असलं की ती घरघरते. आता गप्प होती.

मी आत जाऊन दार वाजवलं. "आई, पाणी गरम येतंय ना?"

"येतंय गं."

"खरं सांगा."

आत तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "गारच आहे. पहिल्या दिवसापासून."

गाऊन चढवून त्यांनी दार उघडलं. नळाची धार सुतळीएवढी. पेटी पेटायला पाण्याला जोर लागतो; एवढ्याशा धारेनं ती पेटतच नाही.

"पुण्याला गीझरची धार बारीक केली की पाणी कढत येतं," त्या म्हणाल्या. "इथं गार आलं म्हणून आणखी बारीक केली."

"मग सांगायचं नाही का?"

"तुम्हा सगळ्यांना येतं गरम, मी हात लावला की गार. त्यानं एवढं कौतुकानं दाखवलेलं. म्हटलं, माझ्याच हातून बिघडलं."

मागून मुलगी म्हणाली, "आजी, जस्ट टर्न इट ऑल द वे. स्वीट ॲज."

"काय म्हणते ही?"

"नळ पूर्ण सोडा म्हणते, की झालं झकास."

"पूर्ण? आणि पाणी किती जाईल!"

"बादली भरली की बंद करा."

मी नळ पूर्ण सोडला. वाफ यायला लागली. त्यांनी बोट घातलं आणि चटकन काढलं. "अगं बाई!" मी दार ओढून घेतलं.

बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, गाल लालबुंद. मी चहा ठेवला आणि सरळ विचारलं, "तिकिटाचं काय करायचं?"

"आहे तेच राहू दे. नोव्हेंबरचं."

"आणि त्यानंतर?"

"त्यानंतरचं माझं मी बघीन. तू लगेच माझ्या खोलीला रंग लावायला काढू नकोस."

रंगाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. डोक्यात वेगळंच होतं. घरात तीन माणसं असताना ही बाई इतके दिवस गार पाण्यानं अंघोळ करते आणि बोलत नाही, तर एकटी असताना काय काय बोलली नसेल? मी खुर्ची ओढून समोर बसले आणि विचारलं, "आई, गेल्या वर्षी पडलात, तेव्हा शेजारीण येईपर्यंत किती वेळ तशाच होतात?"

त्यांनी कप खाली ठेवला. "त्याला सांगू नकोस," म्हणाल्या, आणि सांगायला लागल्या.