दहाची दोनच

ती घटना विसरायची म्हटलं तरी खिशातली चिल्लर विसरू देत नाही. अकोल्याच्या बसस्टँडमागे एक म्हातारी सुटे पैसे विकायची. शंभराची नोट आणि वर दोन रुपये घ्यायची, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली शंभराची पुडी द्यायची. बोटं इतकी चपळ, की बँकेतलं मोजायचं यंत्र तिच्यापुढे लाजून बंद पडलं असतं. एका सकाळी ती खोलीत गळा आवळलेली सापडली. पुड्यांची पिशवी गायब.

शेजारच्या ऑटोवाल्याकडे डबाभर नाणी मिळाली. "पोरीच्या फीचे हायेत, साहेब." मी ऐकलं नाही. त्याला आत टाकलं, डबा जप्त केला. अख्खं ठाणं चिल्लर मोजायला बसलं. मोजता मोजता आमच्या हवालदाराच्या मिशा पिकल्या. गुन्हा उघड झाला, असं मी वर कळवूनही टाकलं.

चौथ्या दिवशी एक कंडक्टर पुडी घेऊन आला.

"साहेब, हे आजीचीच. दहाची दोन, पाचाची आठ, दोनची पंधरा, एकची दहा. दहाचं नाणं बजारात कोणी घेत नाही, म्हून दिवाळीपासून आजी पुडीत दोनच घाले. काल बाळापूरच्या गाडीत कोणीतरी तिकिटाले दिली. गर्दीत चेहरा नाही पाह्यला."

बाळापुरात म्हातारीचा भाचा राहायचा. सरणापाशी सगळ्यात मोठ्यानं तोच रडला होता. जबाब मात्र असा, की दहा वर्षांत मावशीचं तोंड पाहिलं नाही. मी त्याला चहा पाजला, टेबलावर नाणी ओतली, "जरा शंभराची पुडी बांध" म्हटलं आणि कपाशीच्या भावावर बोलत राहिलो. तो बोलत होता, बोटं आपली चालत होती.

"दहाची दोनच काहून रे?"

"जास्त घातली त गिऱ्हाईक वापस आणते. मावशी म्हणे..."

"कधी म्हणे? दोनच त ते या दिवाळीपासून घालत होती."

बोटं थांबली. संध्याकाळी पंचांसमोर त्यानं गोठ्यात पुरलेली पिशवी काढून दिली. पुडी बांधायला त्याला मावशीनंच शिकवलं होतं.

खुनी सापडला म्हणून माझी पाठ थोपटली गेली. पण गरिबाच्या घरची चिल्लर मला दिसताक्षणी चोरीची वाटली होती, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. सुटल्यावर ऑटोवाला ठाण्यातच फतकल मारून बसला आणि डब्यातलं एकेक नाणं मोजू लागला.

"पुरे आहेत ना?" मी विचारलं.

"चिल्लर पुरी हाय साहेब," तो मान वर न करता म्हणाला. "चार दिवस कमी हायेत."