ताई गप्प बसली तेव्हा

माझी थोरली बहीण कुणाला वाक्य पुरं करू देत नाही. मी “मला जरा” म्हणायचा अवकाश, ती “चहा हवाय” म्हणून मोकळी!

वीस वर्षं ती इस्पितळात पक्षाघाताच्या रुग्णांकडून गाणी गाऊन घेते. बोलणं गेलं तरी गाणं पुष्कळदा शाबूत असतं, त्याच्या आधाराने शब्द परत येतात. पन्नाशीत तिने याच कामावर पीएचडी करायला घेतली. “आता या वयात कशाला ही हौस?” असं मी फटकन बोलून गेले होते.

अभ्यासासाठी तिला स्वतःच्याच सत्रांची रेकॉर्डिंग ऐकून लिहून काढायची होती. तिसऱ्याच दिवशी तिने हेडफोन काढून ठेवले. चेहरा पार उतरलेला.

“अगं, प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मीच गातेय. त्यांना वावच देत नाही मी.”

दुसऱ्या दिवशी एक म्हातारे शिंपीकाका मुलीबरोबर आले. ती लहान असताना त्यांनीच तिच्यासाठी रचलेलं गाणं ताईने मुलीकडून शिकून घेऊन सुरू केलं आणि शेवटच्या शब्दाआधी ओठ दाताखाली दाबून थांबली. काकांचे ओठ नुसतेच हलत होते. अकरा सेकंद गेले.

“चिमणे,” काका म्हणाले. मुलगी रडायलाच लागली.

संध्याकाळी ताईने मला हे सगळं सांगितलं.

“ताई, त्या दिवशी मी तुला उगाच...” म्हणून मी सवयीने थांबले, पुढचं तीच बोलेल म्हणून.

ती माझ्याकडे बघत गप्प बसली. माफीचा शब्द मलाच उच्चारावा लागला.