वकिलांची बाग

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी लग्न होऊन मी दारव्ह्याला आले. घराशेजारीच कापसाचं जिन, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. मोसम लागला की दिवसभर घरघर. माझे सासरे वकील. त्यांना तो आवाज सोसत नसे.

"डोक्शात गिरणी चालू राह्यते," मामंजी म्हणायचे.

म्हणून त्यांनी घराच्या दुसऱ्या अंगाच्या आपल्या जागेत बाग केली. लिंबाखाली बाकं टाकली, रेडिओला कर्णा जोडला आणि तितराची जोडी आणली. नराचा पिंजरा एका टोकाला, मादीचा दुसऱ्या टोकाला, दोन्हींवर कापड. एकमेकांना दिसत नाहीत म्हणून ती संध्याकाळभर हाका मारत.

"रानात बसल्यावानी वाटते," बाकांवरची मंडळी म्हणत.

एका संध्याकाळी तांड्यावरची एक बाई आत येऊन बसली. पदरात गुंडाळलेलं तिचं तान्हं नुकतंच दवाखान्यात दगावलं होतं. नवरा बैलगाडी आणायला गेला होता. रेडिओवर सनई चालू होती. बाई रडू लागली. तांड्यावरच्या बाया रडतात तेही सुरात, गेलेल्याला बोलावत. बाकावरच्या एकानं डोळे न उघडता विचारलं, "कोन गाते हो? गळा चांगला आहे."

मी चहा देत होते. म्हटलं, "तिचं लेकरू गेलं."

मामंजी उठले. आवाज न चढवता तिला म्हणाले, "बाई, इथं लोकं आरामासाठी येतात. रडाचं असन तं जिनाकडं जाय."

"गाडी येऊन राह्यली, मालक. उलसक बसू द्या."

"मंग चूप बस."

तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. थोड्या वेळानं तो निसटला. मामंजींनी माळ्याकडे पाहून मान हलवली. माळ्यानं तिला दंडाला धरून बाहेर काढलं.

मी पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे गेले. ती जिनाच्या भिंतीशी बसली होती, तोंड उघडं, मान मागे टाकलेली. यंत्रांच्या घरघरीत तिचा आवाज हातभर अंतरावरूनही ऐकू येत नव्हता. पाण्यात बोट बुडवून तिनं लेकराचे ओठ ओले केले. स्वतः प्यायली नाही. नवरा आला, तशी दोघं गाडीत बसून निघून गेली.

घरी आले तर मामंजींनी पुन्हा चहा मागितला.

"आज बरं वाटलं असतं," ते म्हणाले, "त्या बाईनं मधातच बिघाड केला. उद्यापासून फाटकाले कुलूप लावू."

कुलूप लागलं. किल्ली माझ्या कमरेला. मंडळी आली की मी उघडून देत असे.