कार्ड बदलून मिळणार नाही

"अठ्ठ्याऐंशी डिग्री," मेघना म्हणाली. थोड्याच वेळात स्क्रीन काळी झाली.

"बघितलंत?" गुरुराज अण्णा माझ्याकडे वळले. "ही बसली की असंच. बाकीच्यांची मशीनं बघा कशी गप चालतात."

"मी काय त्याच्यावर डोसे भाजते का, सर?" मेघना म्हणाली.

बनशंकरीतल्या एका घराच्या पहिल्या मजल्यावर अण्णांचा स्टुडिओ आहे. अजून न बांधलेल्या इमारती आतून-बाहेरून कशा दिसतील, याच्या फिल्म ते बिल्डरांना बनवून देतात. अण्णांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड आपोआप येतं. मेघना पुण्याची. स्टुडिओतली सर्वात अनुभवी आर्टिस्ट. आणि मी वर्कस्टेशन, म्हणजे अशा जड कामाचे कॉम्प्युटर, बांधून देते आणि त्यांची देखभाल करते.

अण्णांनी मला जिन्याकडे नेलं. आवाज खाली आणला.

"अक्का, नवीन ग्राफिक्स कार्ड टाकून द्या. आणि हिला मी महिनाअखेर मोकळी करतो. दुसरा माणूस बघून ठेवलाय. मशीन जपता येत नाही, तिला ठेवून काय करू?"

"कार्ड आत्ता मिळणार नाही."

"का हो? धंदा नको झाला?"

"जुनं का तापतंय ते न कळता नवीन टाकलं, तर तेही तापेल. मग तुम्ही मला मोकळी कराल."

अण्णा नाइलाजाने हसले. "सरी, ठीक आहे. आजचा दिवस घ्या."

ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्रं तयार करणारा कॉम्प्युटरचा भाग. हे चित्रं तयार करणं, म्हणजे रेंडरिंग, चालू असताना तो तापणारच. सत्तर-पंचाहत्तर डिग्रीपर्यंत मी लक्षही देत नाही. त्याच्या बरंच वर गेलं की कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतं. याला थ्रॉटलिंग म्हणतात. तेवढ्यानेही भागलं नाही तर मशीन बंद पडतं. मेघनाची फिल्म आधी रांगत होती आणि आता अर्ध्यातच बंद पडत होती.

पहिलं काम, माणूस आणि मशीन वेगळे करणं. मेघनाला मी चहाला पाठवलं आणि तिची एकही फाइल न उघडता टेस्ट लावली. तापमान अठ्ठ्याऐंशी. मग तिचीच फाइल शेजारच्या मशीनवर चालवली. तसंच कार्ड, तीच खोली. चौऱ्याहत्तर.

"फाइल चांगली आहे," मी अण्णांना सांगितलं.

"मग आधीच काहीतरी करून ठेवलं असेल तिनं."

मी कॅबिनेटचं झाकण काढलं. झाकण काढल्यावर तापमान खूप उतरलं, तर आत हवा खेळत नाही असं समजायचं. दोनच डिग्री उतरलं. म्हणजे दुखणं कार्डातच होतं. बाहेर रस्ता खणलेला, म्हणून मला धुळीचा संशय होता. ब्लोअर मारला. धूळ निघाली, तापमान जागच्या जागी.

मेघना चहा घेऊन आली. माझ्यासाठीही आणला होता.

"मॅडम, सर मला काढणार आहेत ना?"

"मला स्क्रूड्रायव्हर दे. तो बारका."

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं सांगायची ती वेळ नव्हती.

कार्ड उघडलं. चिपच्या डोक्यावर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा गठ्ठा असतो, हीटसिंक. चिपची उष्णता पात्यांत जाते, पंखा ती उडवून लावतो. या पात्यांच्या फटी तपकिरी, चिकट थराने भरल्या होत्या. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट पंख्यावर बसतो तसा थर. त्यावर धूळ चिकटून नुसता गिलावा झालेला. ब्लोअरने तो हलणार नव्हताच.

"इथे कोणी सिगरेट ओढतं?"

"सरांसमोर? कोणाची हिंमत आहे!" मेघना म्हणाली.

स्वयंपाकघरही वर नव्हतं. मी अल्कोहोल आणि ब्रश घेऊन एकेक फट साफ केली. चिप आणि हीटसिंक यांच्यामधली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे पोचवणारा लेप, सुकून गेली होती. तीही नवीन लावली. कार्ड बसवलं, रेंडर लावला. एकाहत्तर.

"झालं की!" अण्णा म्हणाले. "निघा आता, ट्रॅफिक वाढेल."

"मी बसते थोडा वेळ."

हा थर कुठून आला, ते मला कळलं नव्हतं. मी निघून गेले असते तर काही महिन्यांनी पुन्हा अठ्ठ्याऐंशी झालं असतं. तोवर मेघनाच्या खुर्चीत दुसरं कोणी असतं, आणि त्याचाही दोष निघाला असता.

दिवेलागणीला अण्णांनी देव्हाऱ्यात दिवा लावला. धुपाटण्यात निखारे घेतले, वर सांबराणी टाकली. सांबराणी म्हणजे आपला ऊद. खोलीभर धूर फिरवला, प्रत्येक मशीनला एकदा ओवाळलं. मेघनाच्या मशीनपाशी मात्र ते खाली बसले आणि धुपाटणं समोरच्या पंख्यांना टेकवून धरलं. धुराची वळी सरळ आत जाऊ लागली.

"बघा अक्का, कसं ओढून घेतं!" अण्णा कौतुकाने म्हणाले. "यावरच आमचं पोट. म्हणून याला स्वल्प जास्त."

"रोज?"

"चुकवत नाही."

मी कार्ड पुसलेला कपडा त्यांच्या हातात दिला. "वास घ्या."

त्यांनी घेतला. उदाचाच वास होता. मग म्हणाले, "म्हणजे आता देवाचं बंद करू?"

"मी तसं म्हटलं? दसऱ्यात आयुधपूजेला तुम्ही चालू मशीनची पूजा करता?"

"छे. त्या दिवशी सगळी बंद. हत्याराला विश्रांती."

"मग रोजही तोच नियम ठेवा. चालू मशीनला लांबून नमस्कार. धूप देव्हाऱ्यापाशी, खिडकी उघडी ठेवून. आणि हे मशीन देव्हाऱ्यापासून लांब, त्या भिंतीला न्या."

"आणि त्याला वाईट वाटलं तर?" त्यांनी मशीनकडे बोट केलं. अर्धं थट्टेत, अर्धं नाही.

"त्याला वाईट वाटलं की ते अठ्ठ्याऐंशी दाखवतं. आत्ता एकाहत्तर आहे. आणि मेघनाला तुम्ही स्वतः सांगा, अण्णा. मी सांगणार नाही."

अण्णांनी धुपाटणं देव्हाऱ्यापुढे ठेवलं. मेघनाच्या टेबलापाशी जाऊन उगाच माउसची वायर सरळ केली.

"मेघना, माझीच चूक होती. तुझ्यामुळे काही बिघडलं नव्हतं."

"मग फिल्म मीच पूर्ण करू ना, सर?"

"मग कोण करणार? मी?"

दुसऱ्या माणसाला त्यांनी माझ्यासमोरच फोन करून जागा नसल्याचं सांगितलं. फिल्म वेळेत गेली. मेघना अजून तिथेच आहे, आणि कार्डही तेच आहे.

हल्ली कुठल्याही नवीन ऑफिसात गेले की मशीनला हात लावण्याआधी मी विचारते, "देव कुठे ठेवलाय?" लोकांना वाटतं, बाई भाविक आहे. वाटू दे.