इंदूबाईंचा ताठा

माझ्या मोठ्या जाऊ, इंदूबाई, दिवस कलला की माणसाकडे हनुवटी वर करून पाहायच्या. मान मागे टाकलेली, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आणि त्या फटीतून खाली उतरणारी नजर. समोर सासू असो, सरपंच असो की दारात आलेली बोहारीण, सगळ्यांना तीच नजर. आमचं गाव बुलढाण्याकडे, धाडजवळ. इथे सून मोठ्यांपुढे मान खाली घालते, पदर कपाळापर्यंत ओढते. मी लग्न होऊन आले त्या संध्याकाळी त्यांनी मला असंच वरून खाली पाहिलं. वाटलं, ही बाई काही मला या घरात सुखाने राहू देत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच बाईने मला हाताला धरून चुलीजवळ बसवलं. डोळे चांगले टपोरे, आवाज खणखणीत. म्हणाल्या, "चहा पे, लहाने. लाजत राह्यली तं या घरात उपाशी मरशील." मला चारचौघांत बोलता येत नाही, आधीपासूनच नाही. तेव्हापासून माझ्या वाटचंही त्याच बोलायला लागल्या. "लहानीले ताप हाये, ती वावरात येत नाही," असं त्या सासूबाईंना परस्पर सांगून टाकायच्या.

सकाळच्या इंदूबाई म्हणजे घरातली जत्रा. भाकरी थापता थापता शेजारणीची नक्कल करायच्या, मामंजींच्या खोकल्यावरून ते कशावर रागावलेत ते ओळखायच्या. दुपारनंतर मात्र त्या उतरायला लागायच्या. वेणी घालताना हात डोक्यावर टिकायचे नाहीत, आपोआप खाली यायचे. मग माझ्याकडे पाठ करून बसायच्या. "घाल व लहाने. माह्या अंगात भारनियमन सुरू झालं." थोडा वेळ भिंतीला टेकून डोळे मिटले की उठायच्या, म्हणायच्या, "चाल, फेज आली." आम्ही दोघी पदराआड हसायचो.

सासूबाईंना यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. रात्रीच्या जेवणात इंदूबाई अर्ध्या भाकरीवर थांबायच्या आणि जबडा हाताने धरून बसायच्या. सासूबाई म्हणायच्या, "आमची भाकर गोड नाही लागत हिले." संध्याकाळी बोलणं नाकातून यायचं, तर म्हणायच्या, "आली मडम!" आणि हसणं तर फारच विचित्र व्हायचं. वरचा ओठ तेवढा उचलायचा, गाल जागचे हलायचे नाहीत. दात दिसायचे, हसू दिसायचं नाही. नणंदेच्या साखरपुड्याच्या फोटोत त्या नेमक्या तशाच आल्या. नणंदेच्या सासूने फोटो पाहून विचारलं, "मोठ्या सूनबाईले आमचं घर पसंत नाही काय? नाक मुरडून राह्यल्या."

त्या दिवसापासून सासूबाईंचं पक्कं झालं. गावातल्या डॉक्टरांना आम्ही सकाळीच दाखवायचो आणि सकाळी त्यांना काही सापडायचं नाही. कमजोरी म्हणून सलाईन लावून पाठवायचे. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "सकाळी गाय, सांजच्याले राणी. असं दुखणं राह्यते काय कुठं? दुखणं आखा दिवस दुखते. हा ताठा हाये."

पुढे त्यांनी ठरवलंच. इंदूबाईंना माहेरी, जळगाव जामोदला, नेऊन घालायचं आणि परत आणायचं नाही. फक्त त्यांचा भाऊ भांडायला येईल याची भीती होती. म्हणून आधी बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवायचं, अंगात काही दुखणं नाही असं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं आणि तिथूनच माहेरच्या बसमध्ये बसवून द्यायचं. माझे भासरे, म्हणजे इंदूबाईंचे मालक, धाड–बुलढाणा जीप चालवायचे. घरात त्यांचा शब्द कधी ऐकूच यायचा नाही. आईने सांगितलं तसं त्यांनी बायकोच्या कपड्यांची पिशवी जीपमध्ये ठेवली. इंदूबाईंनी ती पाहिली. आपल्याला कुठे धाडताहेत ते त्यांना तेवढ्यावरूनच कळलं. मला त्यांचा हात धरायला म्हणून सोबत घेतलं होतं.

दवाखान्यात गर्दी होती. आमचा नंबर लागेस्तोवर ऊन उतरलं. नसांची आणि स्नायूंची डॉक्टरीण होती, वयाने आमच्याच एवढी, बोलण्यावरून पुण्याकडची. तिने विचारलं, "काय त्रास होतो?"

इंदूबाई तोंड उघडायच्या आत सासूबाई म्हणाल्या, "हिले ताठा हाये."

डॉक्टरणीने उठून इंदूबाईंची मान दोन्ही हातांत धरली आणि डावी-उजवीकडे, खाली-वर हळूहळू वळवून पाहिली. "मान तर अगदी मोकळी आहे. ताठा कधीपासून आहे?"

"माहेराहून घेऊनच आली."

"लहानपणापासून?"

"मायबापानं लाडावली, दुसरं काय!"

माझ्या लक्षात आलं की दोघी दोन वेगळ्या गोष्टींबद्दल बोलताहेत. पण मध्ये बोलायला माझी जीभ उचलेना. भासरे खाली फरशीकडे पाहत होते.

डॉक्टरणीने पुढचं विचारलं, "ताठा दिवसभर असतो की सकाळी उठल्यावर जास्त?"

"सकाळी? सकाळी कुठला! सकाळी मऊ मेण राह्यते. दिवस कलला का येते. जरा पडली, झोपली, का गेला. काम सांगितलं का आला."

डॉक्टरीण लिहिता लिहिता थांबली. खुर्ची पुढे ओढून इंदूबाईंच्या अगदी समोर बसली. म्हणाली, "ताई, छताकडे बघा. पंख्याकडे. मान नाही हलवायची, फक्त डोळे वर. बघतच राहा."

इंदूबाई पंख्याकडे पाहत राहिल्या. आणि आम्हा सगळ्यांच्या देखत त्यांच्या पापण्या खाली यायला लागल्या. कुणी दोरी सैल सोडावी तशा, हळूहळू. त्या कपाळाला आठ्या घालून वर ओढायचा जीव तोडून प्रयत्न करत होत्या. पापण्या खालीच येत होत्या. मग मोठ्याने आकडे म्हणायला लावले. सुरुवातीचे आकडे स्वच्छ आले, पुढचे नाकातून, त्याच्या पुढचे कळेनातच.

डॉक्टरीण भासऱ्यांना म्हणाली, "बाहेर रसवंती आहे ना, तिथून थोडा बर्फ आणा." ते धावतच गेले. तिने बर्फ रबरी हातमोज्यात घातला आणि इंदूबाईंच्या उजव्या डोळ्यावर ठेवून धरला. सासूबाईंनी माझ्या दंडाला धरलं होतं. थोड्या वेळाने डॉक्टरणीने बर्फ काढला.

उजवा डोळा पुरता उघडलेला होता, सकाळसारखा टपोरा. डावा तसाच अर्धा मिटलेला.

मी आयुष्यात तसं काही पाहिलं नव्हतं. एकाच चेहऱ्यावर सकाळ आणि संध्याकाळ शेजारी शेजारी. सासूबाईंच्या तोंडून निघालं, "अव माय! हे काय केलं व बाई?"

"मी काही नाही केलं," डॉक्टरीण म्हणाली. "यांच्या नसा हुकूम देतात, पण स्नायू तो नीट घेत नाहीत. वापर झाला की थकतात, विसावा दिला की परत येतात. गारव्याने थोडा वेळ सुधारतात. पापण्या, जबडा, गळा, हात, सगळ्याचं तेच. घास नाही गिळता येत कधी?"

इंदूबाईंनी होकाराची मान हलवली.

"श्वास?"

त्यांनी पुन्हा मान हलवली. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीण सासूबाईंकडे वळली. "आजी, घास छातीत जाऊन किंवा श्वासाचे स्नायू थकून या कधीही गेल्या असत्या." सासूबाई खुर्चीवर होत्या त्या खाली फरशीवर बसल्या. भासरे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मग नसेला बारीक झटके देऊन मशीनवर पाहिलं, रक्त घेतलं. एक गोळी तिथेच दिली. चहा पिऊन होईस्तोवर दुसरी पापणीही वर गेली. इंदूबाईंनी आपणहून हात डोक्यावर नेले, केस सोडले आणि पुन्हा बांधले. तेवढा वेळ त्यांचे हात वरच राहिले.

बाहेर जीपपाशी आल्यावर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "चाल व बाई घरी. तुहा काही दोष नाही."

"आत्याबाई, आज काही निघालं नसतं तं?" इंदूबाईंनी विचारलं. संध्याकाळी त्यांचा असा स्वच्छ आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"निघालं ना पण आता!"

"निघालं म्हणून घरी. नसतं निघालं तं मले बसमधी घालून देलं असतं. मी सकाळी होती तीच हाये ना, आत्याबाई? मी कुठं बदलली?"

इंदूबाईंनी जीपमधली आपली पिशवी स्वतः उतरवून घेतली, गोळ्या तिच्यात ठेवल्या. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "लहाने, आता तुह्या वाटचं तुलेच बोला लागते." आणि स्टँडकडे चालायला लागल्या. मला वाटलं, आता भासरे अडवतील. त्यांचा हात जीपच्या दारावर तसाच राहिला. आपणच टाकून द्यायला आणलेली सून आपल्याला टाकून जाते आहे, हे आमच्यातल्या कुणालाच खरं वाटत नव्हतं.

परतीच्या वाटेवर सासूबाई म्हणाल्या, "पाहा. होता का नाही ताठा?"

दिवाळी झाल्यावर सासूबाईंनीच भासऱ्यांना जळगाव जामोदला पाठवलं, इंदूबाईंना आणायला. जाताना साडी दिली, फराळ दिला. चार-पाच दिवसांनी ते परत आले ते एकटेच. सासूबाई ओट्यावरूनच विचारायला लागल्या, "आली नाही? काय म्हणे? भाऊ बोलला काय तिचा?"

"कोणी काही नाही बोललं. तिनं चहा देला. म्हणे, येत जा."

"मग तू काय म्हटलं?"

"तिकडं एकाची गाडी हाये. ड्रायव्हर पाह्यजे व्हता त्याले," ते म्हणाले. "मी कपडे न्याले आलो, माय."

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी बोलून भासऱ्यांना थांबवीन असं बहुतेक त्यांना वाटलं असेल. मी उठले आणि दोरीवरचे त्यांचे शर्ट काढून आणले.