पडल्यानंतरची सकाळची गाडी

आमच्या गावातून अमरावतीला जाणारी सकाळची एसटी आमच्या आमदारांनी सुरू करवली, म्हणून मी कॉलेजात जाऊ शकले. घरात माझ्याआधी कोणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पुढच्याच निवडणुकीत ते पडले. आई म्हणाली, "आता पाह्य, गाडी बंद होते. मंग तुयं कॉलेजही बंद."

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी धाकधुकीतच फाट्यावर उभी होते. गाडी आली, आणि तिच्यातून तेच उतरले. हरल्यावरही आभार दौऱ्याला, एकटेच.

"काहून भाऊ, ताफा कुठी गेला?" पानठेल्यावरून कोणीतरी टोमणा मारला.

"ताफा गेला, एसटी राह्यली," ते हसले. "आगारात बोलून आलो. गाडी चालूच राहीन."

मग एकेकाला हात जोडत ते माझ्यापुढे आले आणि मलाही हात जोडले. मी गोंधळले. "भाऊ, माह्यं तं मतच नाही अजून. अठरा पुरे नाही झाले."

"मंग कायले थांबून राह्यली? बस गाडीत, तास बुडन."

गाडी सुटली तेव्हा मी खिडकीतून हात जोडले. त्यांनी पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. ते पानठेल्याकडे वळले होते.