तिघांत फिरणारी वही

मास्तर लोकांचे किस्से खडूच्या भुकटीसारखे अंगावर साचतात, कितीही झटका! पण ट्रेनिंगच्या परीक्षेचं ते वर्ष काही केल्या झटकलं जात नाही.

आम्ही तिघं विनाट्रेनिंगचे मास्तर. मी भातकुलीला, जोशी अकोल्याच्या जठारपेठेत आणि सगळ्यात लहान गवई हिवरखेडला. गवईला लेखी पत्रच आलेलं, या वेळी नापास तर नोकरी गेली. त्याच्या घरातली ती पहिली सरकारी नोकरी!

एकत्र अभ्यास जमणार कसा? मी नव्या पैशांची तिकिटं लावून एक वही टपालानं फिरवली. पहिल्या पानावर नियम घातला: प्रत्येकानं परीक्षेतल्या प्रश्नांची उत्तरं लिहून वही पुढे पाठवावी.

वही परत आली. माझ्या प्रत्येक उत्तराखाली दोघांचं उत्तर, "वरीलप्रमाणे."

*

मी चिडलो. दुसरा नियम घातला, "निदान एक प्रश्न विचाराच."

जोशीनं विचारला, "वहिनींचा खोकला कसा आहे?"

मी पत्रातून झापलं, तर त्याचं उलट कार्ड, "प्रश्न विचारा म्हटलं, विचारला! पण खोकल्याचं कावून नाही सांगितलं?"

*

तिसरा नियम, "दुसऱ्याची चूक दाखवा." कोणीच दाखवली नाही. मी खूश!

अकोल्याच्या एस.टी. स्टँडवर गवई भेटला. मी विचारलं, "चुका नव्हत्याच ना रे?"

"होत्या गुरुजी. पण तुमी मोठे. तुमच्या लिहिण्यावर मी लाल शाई कशी फिरवू?"

"अबे, तुझी नोकरी जाऊन राहिली, अन् तू माझा मान राखून राहिला?"

*

पुढच्या फेरीत त्यानं धीर केला. सरासरी हजेरीच्या गणितात मी महिन्याच्या एकूण हजेरीला तीसनं भागलं होतं. खाली लाल शाईत गवई, "रविवारी शाळेत कोण येते जी?"

पोरगा असल्या उत्तरानं बुडणार, असं मला वाटलं! मी खाली ठणकावलं, "महिना तीस दिवसांचाच असतो!" जोशीनं लिहिलं, "वरीलप्रमाणे."

परीक्षेत नेमकं तेच गणित आलं.

*

निकाल लागला. गवई पास. मी आणि जोशी नापास, पण आम्हाला आणखी एक संधी होती.

आठवड्याभरात हिवरखेडहून टपाल आलं. आत कोरी वही. पहिल्या पानावर गवईच्या अक्षरात एकच नियम होता:

"गुरुजींनी उत्तर सगळ्यात शेवटी लिहावं."